हजेरीतलं ‘नाही’

माझ्या बाबांचे नकार दोन प्रकारचे होते. घरी ते ‘न्हाई’ म्हणायचे. पाणी आलं का, न्हाई. भाजी आणली का, न्हाई. आमचं मूळ गाव मांजरीच्या पलीकडचं, उसाच्या पट्ट्यातलं, आणि पुण्यात सगळी नोकरी काढूनही तिथली बोली त्यांनी सोडली नव्हती. पण अंगावर खाकी चढली की हाच माणूस ‘नाही सर’ म्हणायचा. एकेक अक्षर स्वच्छ, टाचा जुळवून म्हटल्यासारखं. आम्ही पोलीस लाईनीतली मुलं संध्याकाळी नळापाशी एकमेकांच्या वडिलांच्या नकला करायचो. माझा ‘नाही सर’ सगळ्यांना फार आवडायचा.

आमच्याकडे गणपती बसत नसे. आजोबांच्या पिढीनं धम्मदीक्षा घेतलेली, त्यामुळे भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि पौर्णिमेला खीर, एवढाच आमचा सणवार. तरीही गणपतीचे दहा दिवस आमच्या घरात जितके शिरायचे तितके एखाद्या मंडळाच्या अध्यक्षाच्या घरातही शिरत नसतील. रजा बंद, जेवायच्या वेळा बंद, बाबांचं घरात असणंच बंद. विसर्जनाच्या मिरवणुकीला त्यांचा पॉइंट, म्हणजे उभं राहायची नेमून दिलेली जागा, नारायण पेठेच्या तोंडाशी असे. पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते, याचं पुणेकरांना कौतुक. आमच्या लाईनीतल्या बायकांना ते कौतुक कधी जमलं नाही.

मी सहावीत असताना आई त्याच दिवसांत काविळीनं सरकारी दवाखान्यात होती. विसर्जनाच्या सकाळी बाबा तिला भेटून ड्युटीवर गेले. संध्याकाळपासून ती माणसं ओळखेनाशी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मिरवणूक अजून चालू असताना, गेली. मी आणि मावशी तिच्याजवळ होतो. बाबा दुपारी आले ते गणवेशातच. खांद्यावर, टोपीवर, कानाच्या पाळीवर गुलाल होता. वॉर्डातली माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. मावशी कॉरिडॉरमध्ये कुणाला तरी म्हणाली, “सायबानं सोडलं नसंल.” बाबा काही बोलले नाहीत.

तेवढ्या एका वाक्यावर मी मोठी झाले. ज्या साहेबानं माझ्या बापाला सोडलं नाही, त्याचा चेहरा मला माहीत नव्हता, म्हणून मी तो स्वतःच तयार केला: जाड मिशा, हातात काठी, पानानं रंगलेलं तोंड. त्याचा मी मनापासून द्वेष केला. बाबांवर मात्र मी कधीच चिडले नाही. ते बिचारे हुकमाचे ताबेदार होते.

पुढे शहर बदललं. हिंजवडीच्या माळावर काचेच्या इमारती आल्या, कंपन्यांच्या बस आमच्या डोळ्यांदेखत कोथरूडहून, सातारा रोडहून माणसं भरून न्यायला लागल्या. त्यातल्याच एका कंपनीत मी प्रशिक्षण विभागात लागले. उत्तम कोड लिहिणाऱ्या पोराला बढती मिळाली की तो हाताखालच्या माणसांशी कसा वागेल याचा भरवसा नसतो. त्याला माणसांत आणायचं, हे माझं काम. वारज्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बाबा निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आले. बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालच्या चौकात वाहतूक पोलीस चुकला की हळहळायचे.

अशात एक दिवस कंपनीनं समाजासाठी काहीतरी करायचं ठरवलं. झाडं लावून झाली होती. मग कुणीतरी म्हणालं, पोलिसांना मॅनेजमेंट शिकवू. पोलीस ठाण्याचा कारभार सांभाळणारे जे निरीक्षक आणि सहायक निरीक्षक असतात, त्यांना हाताखालच्या माणसांशी कसं बोलावं, काम कसं वाटून द्यावं, ताण कसा ओळखावा, याचा एक कोर्स तयार करायचा, तो द्यायचा, आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे तपासायचं. कंपनीतल्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, कोण करेल? माझा हात माझ्याआधी वर गेला.

समाजसेवा वगैरे काही माझ्या मनात नव्हती. मला तो साहेब हवा होता. तो आता निवृत्त झाला असेल, कदाचित मेलाही असेल, पण त्याच्या खुर्चीवर बसलेले लोक माझ्यासमोर वर्गात येऊन बसणार होते. मी त्यांना असं काही शिकवणार होते की पुन्हा कुठल्या वॉर्डात कुणी गुलाल घेऊन उशिरा पोचणार नाही.

कोर्सची तयारी करताना मी काही पोलीस ठाण्यांत जाऊन बसले. मराठीत ‘हजेरी घेणे’ याचे दोन अर्थ होतात, आणि पोलीस ठाण्यात ते दोन्ही एकाच वेळी खरे असतात हे मला तिथे दिसलं. सकाळी सगळे ओळीनं उभे राहतात, साहेब नावं घेतात, कामं वाटतात, आणि त्याच दमात कालच्या चुकांबद्दल एकेकाची सालटी काढतात. म्हणून मी कोर्सचा मुख्य भाग हजेरीवरच बांधला. ओरडणं कमी करा. चूक काढायची तर केबिनमध्ये बोलावून काढा. आणि शेवटी, पांगायचा हुकूम देण्याआधी, ओळीकडे बघून विचारा, “कुणाला काही अडचण आहे का?” हे शेवटचं वाक्य माझं लाडकं होतं. अख्खा कोर्स त्या वाक्यासाठी होता असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्या तुकडीनं मला ज्या पद्धतीनं मान दिला, तसा कंपनीत कुणी दिला नव्हता. मी वर्गात शिरले की सगळे उभे. विनोद केला की सगळ्यात वरिष्ठ अधिकारी आधी हसणार, मग बाकीचे. शेवटी अभिप्रायाचे कागद वाटले, तेव्हाही वरिष्ठांनी ‘उत्तम’वर खूण केली आणि ती खूण सेवाज्येष्ठतेनं मागच्या बाकापर्यंत पोचली. माझ्या कंपनीला ते आकडे फार आवडले.

त्या तुकडीत एक निरीक्षक होते. पन्नाशीच्या आसपासचे, जाडजूड, आवाज बसका. मिशा होत्या, त्यामुळे मी त्यांना पहिल्या दिवशीच मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. पण वर्गात प्रश्न विचारणारे ते एकटेच. प्रसंग नाटकासारखा करून दाखवायच्या तासाला मी त्यांना हवालदार केलं आणि एका तरुण अधिकाऱ्याला साहेब. तरुण अधिकाऱ्यानं शिकवल्याप्रमाणे मृदू आवाजात विचारलं, “काही अडचण?” निरीक्षकांनी तत्क्षणी छाती काढून उत्तर दिलं, “नाही सर!” वर्ग हसला. मीही हसले. निरीक्षक एकटे हसले नाहीत, काहीतरी आठवल्यासारखे खाली बसले.

कोर्सनंतर काही महिन्यांनी खरी तपासणी होती. वर्गात आवडलं, समजलं, हे ठीक. पण ठाण्यात परत गेल्यावर वागणं बदललं का, ते प्रत्यक्ष बघायचं. मी सगळ्यात आधी त्या निरीक्षकांचं ठाणं निवडलं. सकाळची हजेरी होती. त्यांनी नावं घेतली, कामं सांगितली, आवाज चढवला नाही, कुणाचा बाप काढला नाही. दोघांना नंतर केबिनमध्ये यायला सांगितलं. मग ते ओळीसमोर थांबले आणि विचारलं, “कुणाला काही अडचण आहे का?”

“नाही सर,” ओळ एका आवाजात म्हणाली.

“मोकळेपणानं सांगा.”

“नाही सर.”

ओळीतल्या एका हवालदाराच्या पायाला पट्टी होती, बूट नीट चढलेला नव्हता. एका महिला शिपायाचे डोळे रडून सुजलेले होते, ते मला बारा हातांवरून दिसत होतं. निरीक्षकांना दिसलं नसेल असं नाही. पण ओळ नाही म्हणाली होती. त्यांनी पांगायचा हुकूम दिला, माझ्याकडे आले आणि पडल्या चेहऱ्यानं म्हणाले, “मॅडम, रोज विचारतो. कोर्स झाल्यापासून एक दिवस चुकवला नाही. आमच्या ठाण्यात कुणालाच अडचण नाही.”

मी रागानं लाल झाले. हा माणूस माझी चेष्टा करतोय असंच मला वाटलं. घरी येईपर्यंत तो राग उतरला नव्हता. बाबांनी चहा केला होता. मी बाल्कनीत बसून त्या निरीक्षकांची नक्कल केली, बसक्या आवाजासकट. म्हटलं, “विचारण्यापुरतं विचारतात, बाबा. साहेब सगळे सारखेच. तुमचा तो साहेब तरी कुठं वेगळा होता.”

बाबा कपातल्या चहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “त्यो खरंच विचारत असंल.”

“तुम्ही कशाला त्याची बाजू घेताय?”

“बाजू न्हाई.” त्यांनी कप खाली ठेवला. “आमच्या सायबानं बी विचारलं हुतं.”

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत. त्यांनी चौकाकडे बघतच सांगितलं. विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळी, मुख्य मंडळं अजून यायची होती तेव्हा, पॉइंटवरच्या सगळ्यांना एकत्र उभं केलं. साहेब ओळीतून चालत आले. बाबांसमोर थांबले. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार, कारण त्यांनी नेमकं विचारलं, “घरी सगळं ठीक? काही अडचण?”

“मग?”

“मी म्हनलं, नाही सर.”

ते दोन शब्द बाबांनी त्यांच्या गणवेशातल्या आवाजात म्हटले. लहानपणी मी नक्कल करायचे, अगदी तसे.

“का?” मी विचारलं.

“तोंडातनं निघून गेलं. सवय हुती. बाजूला उभा हुता त्याची बायको बाळंतीण, घरात दुसरं मानूस न्हाई. त्यो काय बोलला न्हाई, मग मी कसा बोलू? लाईनीत अडचन म्हंजे आपली कमजोरी. साहेब म्होरं गेले. मला वाटलं, हाक मारावी. पन लाईनीतनं सायबाला हाक मारत न्हाईत.” मग म्हणाले, “त्यांनी सोडलं असतं. चांगला मानूस हुता.”

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. इतकी वर्षं मी ज्या माणसाचा द्वेष केला, त्यानं माझ्या बापासमोर थांबून विचारलं होतं. आई जाताना बाबा तिच्याजवळ असू शकले असते. एका होकाराचा प्रश्न होता, आणि घरी त्यांना होकार देणं सहज येत होतं.

“मावशी म्हणाली तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?” मी म्हटलं. “इतकी वर्षं गप्प का बसलात?”

“तुला कुणावर तरी राग काढायचा हुता,” बाबा म्हणाले. “माझ्यावर काढला असतास तर मी कुठं गेलो असतो?”

मी उठून आत गेले. त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मला राग आला होता, आणि तो आता नेमका ज्याच्यावर यायला हवा होता त्याच्यावर आला होता. पण त्यानं मला काही हलकं वाटलं नाही. सकाळी त्यांच्या डब्यातल्या गोळ्या काढून ठेवताना माझे हात आपटायचे. ते निमूट घ्यायचे. मला वाटायचं त्यांनी माफी मागावी, आणि मागितली असती तर मला ती सहन झाली नसती. आईच्या वतीनं कुणीच माझ्याशी बोलू शकत नव्हतं.

त्याच दिवसांत मला निरीक्षकांकडे पुन्हा जायचं होतं. त्यांच्यासमोर बसल्यावर मी तपासणीचं सगळं बाजूला ठेवलं आणि बाबांची गोष्ट सांगितली. अनोळखी माणसाला का सांगितली, मला माहीत नाही. कदाचित त्यांच्या मिशांमुळे. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी तुमच्या वर्गात मी नाही सर म्हणालो ना, तेव्हा नाटक करत नव्हतो. मलाही लाईनीत असताना कुणी विचारलं की तेच निघायचं. अडचण आहे का, असं साहेब विचारतो तेव्हा आम्हाला ऐकू येतं, की तू कामाचा आहेस का.”

“मग तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही काही अडचण असं विचारलंत ना शेवटी, प्रश्नोत्तरात,” ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली हसू दिसलं. “मी म्हटलं, नाही मॅडम.”

त्या दुपारी आम्ही दोघांनी ते वाक्य मोडून पाहिलं. ‘अडचण’ काढली. ‘आहे का’ ठेवून चालेना, कारण त्याचं उत्तर तयारच असतं. ‘मोकळेपणानं सांगा’ म्हटलं की माणूस आणखी घट्ट होतो. ओळीतल्या माणसाला स्वतःसाठी काही मागणं जमत नव्हतं. मग त्याच्याबद्दल विचारूच नये, असं निरीक्षक म्हणाले. त्याच्या घराबद्दल विचारावं. आणि ओळीत विचारू नये. पॉइंटवर जावं, शेजारी उभं राहावं, रस्त्याकडे बघत विचारावं. वाक्य शेवटी असं झालं: “आज घरी तुमची कुणाला गरज आहे?”

त्यांनी ते लगेच वापरायला सुरुवात केली. नंतर फोनवर त्यांनी सांगितलं, पहिल्या काही जणांनी नाही सर म्हणून सवयीनं टाळलं. मग त्या महिला शिपायानं रस्त्याकडे बघत उत्तर दिलं, “माझ्या सासूला, सर.” ते तिला तेवढ्यावरच घरी पाठवू शकले. इतरांना प्रत्येक वेळी पाठवता येत नव्हतं, माणसं कमी होती, हेही त्यांनी सांगितलं. त्यांना काही फुशारकी मारायची नव्हती.

मी अहवाल लिहिला. पहिलं वाक्य चुकीचं होतं, दुसरं कदाचित बरं असेल, आणि ते वर्गात शिकवून येत नाही, असं त्यात सरळ म्हटलं. कंपनीतल्या साहेबांना त्यातून दाखवण्यासारखा आलेख निघेना. पुढच्या वर्षी त्यांनी तो कोर्स अर्ध्या दिवसावर आणला आणि उरलेल्या वेळात योगासनं घातली. निरीक्षकांची बदली झाली. मी परत कोड लिहिणाऱ्या पोरांना माणसांत आणायला लागले.

बाबांशी मी हळूहळू बोलायला लागले. बोलणं परत आलं, पण त्या विषयाकडे दोघांनीही पाठ केली होती. अनंत चतुर्दशीला मी दरवर्षी कामावर जायचे. शहराला सुट्टी असली तरी परदेशातल्या ग्राहकांना गणपती माहीत नसतो, त्यामुळे ऑफिस उघडं असे आणि मला निमित्त मिळे. बाबा टीव्हीवर मिरवणूक लावून बसत, आवाज बंद करून. ते काय बघतात हे मी कधी विचारलं नाही. आम्ही त्या दिवशी आईचं नावही घेत नसू.

तशाच एका चतुर्दशीला मी बूट घालत होते. बाबांनी टीव्ही लावला होता, मानाचे गणपती अजून निघायचे होते, पडद्यावर नुसता पेठेतला रस्ता आणि ओळीनं उभे पोलीस. बाबांची तब्येत त्या वर्षी उतरली होती. मी दारातून नेहमीसारखं विचारलं, “बाबा, डबा ठेवलाय, गोळ्या ठेवल्यात. काही अडचण नाही ना?”

“नाही,” बाबा म्हणाले.

मी दार ओढून घेतलं, लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली. मी आत पाऊल टाकलं आणि तशीच थबकले. ते ‘नाही’ म्हणाले होते. ‘न्हाई’ नव्हते म्हणाले. घरातल्या खुर्चीवर, लुंगी-बनियनमध्ये बसून, माझ्या बापानं मला लाईनीतलं उत्तर दिलं होतं.

मी परत आले. किल्लीनं दार उघडलं. ते तसेच बसले होते. मी बूट काढले नाहीत. त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांच्याकडे न बघता टीव्हीकडे बघितलं. पडद्यावर नारायण पेठेचं तोंड आलं होतं.

“बाबा,” मी म्हटलं, “आज घरी माझी कुणाला गरज आहे?”

त्यांनी चष्मा काढला, बनियनच्या कडेनं पुसला, परत घातला.

“हाय,” ते म्हणाले. “मला हाय. बस.”